कात्री

पन्नास वर्षं मी दोरा दातानंच तोडला.
गाठ मारायची, मान वाकवायची, कट्.
आता शेजारी कात्री ठेवावी लागते
आणि ती दर वेळी उशीखाली, मांडीखाली,
एकदा तर पाहुण्याच्या बुडाखाली सापडते.

डॉक्टर शुहरत माझ्या धाकट्यापेक्षाही लहान.
समरकंदच्या दवाखान्यात आरसा हातात देऊन म्हणाला,
"होसियात-ओपा, दोरा तोडायचा नाही.
जर्दाळूच्या बिया फोडायच्या नाहीत.
खडीसाखर चहात विरघळवायची, दाताखाली धरायची नाही.
सूर्यफुलाच्या बियांचं तर नावच काढू नका."
मग उर्गुतच्या बायका गप्पा कशा मारतात,
हे त्याला विचारायचं राहून गेलं.
तोंड बधिर होतं, ओठ कुणा दुसरीचा वाटत होता.

पुढचे सहा माझे सोन्याचे होते.
ब्याऐंशी साली, लग्नाआधी,
धडधाकट दातांवर चढवलेले.
आईनं त्यासाठी गाय विकली.
घरात दातावर मारायला पैसा नव्हता
पण दातावर सोनं होतं;
हसले की गल्लीला कळायचं, पोरगी कुणाची.

नफोसात, माझी लेक, बुसानला मासे गोठवते.
भावाचं लग्न ठरलं, तेव्हा फोनवर दाताच्या कण्या केल्या तिनं:
"आई, मुलीकडचे ताश्कंदचे. फोटोत सोनं दिसलं की..."
वाक्य अर्धवट सोडलं.
पैसे पूर्ण पाठवले.

सोनं आता काडेपेटीत आहे.
हलवलं की वाजतं.

रोज रात्री नळापाशी उभी राहते.
ब्रश मऊ, मांजराच्या कानासारखा;
हिरडीच्या काठाशी तिरका धरायचा
आणि घासायचं नाही,
रेशमावरची धूळ झटकावी तसं हलकं.
मीठ, राख, कोळसा: आईची सगळी औषधं बाद.
मग दोरा.
दोन दातांमधून हळूच उतरवायचा,
एकाला बिलगवून खाली-वर, मग दुसऱ्याला.
जन्मभर दातांनी दोरा तोडला,
आता दोरा त्यांची धुणीभांडी करतो.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
नाहीच भरत.
पण शुहरत म्हणतो, वरचं पांढरं किडत नाही,
आतला, हिरडीपाशी दडलेला म्हातारा दात किडतो.
"ज्याला कुणी बघत नाही, त्याचीच निगा ठेवा."
मी मान डोलावली. एवढ्याशा पोराला काय बोलणार.

झोपताना डबीतली पारदर्शक खोळ वरच्या दातांवर चढवते.
घासलेल्या दाढा बघून त्यानंच ओळखलं,
मी झोपेत दात खाते.
कुणावर, ते दाढेवरून कळत नाही म्हणे.

आमच्याकडे सुझानीचा एक कोपरा
मुद्दाम अपुरा ठेवतात.
एखादं पान रंगाशिवाय, एखादी वेल अर्ध्यात थांबलेली.
काम संपलं तर हात संपतात, असं आजी म्हणायची.
तशी मागची एक दाढ मी बदलू दिली नाही.
"रंग जुळणार नाही," शुहरत म्हणाला.
म्हटलं, माहीत आहे.

लग्नात फोटोवाला म्हणाला, जरा हसा.
मी जरा हसले.
सहा पांढरे, शिस्तीत, शाळेच्या रांगेसारखे.
मग रात्री, पाहुणे पांगल्यावर,
नवऱ्याच्या मामानं गाढवाची ती जुनी गोष्ट काढली
आणि माझं तोंड आपोआप उघडलं, पार आतपर्यंत.
ताश्कंदच्या विहीणबाई बघतच राहिल्या.
वाटलं, झालं, गेलं सगळं पाण्यात.
तर त्याही हसल्या,
आणि त्यांच्याही तोंडात खूप मागे
काहीतरी पिवळं लुकलुकलं.

मध्ये खारवलेल्या जर्दाळू-बियांची वाटी होती.
त्यांनी वाटीकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.
"तुम्हालाही नाहीत?"
"मलाही नाहीत."

मी उठले,
आणि पोराच्या खोक्यातली हातोडी घेऊन आले.